सहावा जोड

हिंजवडीहून कर्वेनगरला यायला रविवारी सकाळी पाऊण तास लागतो आणि सोमवारी दीड, हे ज्याला बसमध्ये उभं राहून कळलंय तो पुणेकर झाला म्हणायला हरकत नाही. दीपमाला त्या हिशेबाने नऊ वर्षांची पुणेकर होती. अकोल्याहून आली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागली आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यात तरबेज झाली. आठवड्यातून पाच दिवस चुका काढूनही तिचं समाधान होत नसावं, कारण रविवारी दहाच्या ठोक्याला ती श्रीनिवासरावांच्या घरी पुन्हा चुकाच काढायला जायची. फरक एवढाच, की या चुका कार्टूनमधल्या असायच्या.

हसू नका. ‘गोंधळे आणि मंडळी’ ही विनोदी चित्रमालिका तेव्हा, म्हणजे दोन हजार बारा साली, पंधराव्या वर्षात होती. घरोघरी केबल आली त्या दिवसांत ती सुरू झाली आणि दर रविवारी साडेदहाला लागायची ती लागतच राहिली. पंधरा वर्षं चाललेल्या गोष्टीत चुका होणारच. गोंधळ्यांचा बंडू पंधरा वर्षं चौथीत होता, पण ती चूक नव्हे. कार्टूनला तेवढी मुभा असते. स्कूटरचा नंबर बदलणं, साताऱ्याच्या आत्याचं दोनदा पहिलं लग्न होणं, या खऱ्या चुका. त्या टिपून ठेवणारं चार माणसांचं एक मंडळ पुण्यात होतं आणि त्यांच्याकडे एक जाड वही होती. तिचं नाव चूकवही.

वही असायची श्रीनिवासरावांच्या कपाटात, कुलपात. हे एका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या दारावर एक पाटी होती : ‘चपला ओळीत काढाव्यात. ही विनंती नाही.’ अक्षर त्यांच्या पत्नीचं, हेमाबाईंचं. ‘ह’ची शेपटी लांब ओढायची त्यांना सवय होती. हेमाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, पण मंडळाचे नियम त्यांनीच केलेले आणि ते अजून चालत होते. त्यातला सातवा नियम सगळ्यांत कडक : चूक रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा दिसली पाहिजे, आणि नोंद करणारा सोडून तिघांच्या सह्या पाहिजेत. नाहीतर नोंद अपुरी. अपुऱ्या नोंदी निर्मात्यांना पाठवायच्या नाहीत.

त्या रविवारी दीपमालेला खरं तर यायचं नव्हतं. तिचे वडील, रंगराव, महिन्यापूर्वी अकोल्याहून तिच्याकडे आले होते आणि मंगळवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला जगात एवढं एकच माणूस होतं.

“जा वं तू,” रंगराव म्हणाले. “माह्या तोंडाकडं पाहून माहं काळीज दुरुस्त होनार हाय काय? तुह्या मंडळात जा. मले येऊन सांग काय चुका सापडल्या ते.”

गोंधळ्यांतली पहिली चूक, ती स्कूटरच्या नंबराची, रंगरावांनीच काढली होती. एसटीचे ड्रायव्हर ते, गाडीच्या नंबराकडे त्यांचं लक्ष जाणारच. सुट्टीच्या रविवारी बापलेक टीव्हीसमोर मुरमुरे खात बसत आणि दीपमाला चुका शोधायला तिथेच शिकली. तेव्हा ती आली, ती त्यांच्या आग्रहाखातर.

सभा नेहमीसारखी भांडणाने सुरू झाली. विषय पोपटाचा. अठ्ठ्याऐंशीव्या भागात पिंजरा खिडकीत, पुढच्या भागात माळ्यावर, आणि त्याच्या पुढच्यात पोपट गायब.

“काका, तो फ्लॅशबॅक आहे,” अवधूत म्हणाला. हा सर्वांत तरुण. दर भाग डिजिटल बॉक्सवर रेकॉर्ड करायची जबाबदारी त्याची. “सिम्पल आहे, पोपट अजून आणलेलाच नाही.”

“फ्लॅशबॅकमध्ये मायक्रोवेव्ह?” श्रीनिवासरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “साल ऐंशी, आणि गोंधळ्यांकडे मायक्रोवेव्ह. आमच्याकडे अजून नाही. पण तुम्ही म्हणता तर असेल.”

कादंबरी हसली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्याकडे बोलण्यापेक्षा वहीत रेघा आखण्याचं काम असायचं.

साडेदहा वाजले. नेहमीची धून लागली आणि पडद्यावर गोंधळ्यांच्या घराचा उंबरा आला. दर भागाची सुरुवात याच चित्राने होई : केशरी पायरी, बंद दार, आणि पायरीवर पाच माणसांच्या चपलांचे पाच जोड. आजोबांचे पुणेरी जोडे, वडिलांचे बूट, आईच्या सपाता, बंडूच्या निळ्या स्लीपर, चिंगीचे लाल बूट. पाच-सहा सेकंदांचं चित्र. या चौघांनी ते सातशे वेळा तरी पाहिलं असेल.

आज तिथे सहा जोड होते.

सहावा जोड टोकाला होता. तपकिरी चामड्याच्या जाड पुरुषी चपला. डाव्या चपलेचा तळ टायरचा तुकडा लावून इंचभर उंच केलेला. रंगरावांचा डावा पाय एका अपघातात आखूड झाला होता आणि अकोल्याच्या बसस्टँडबाहेरचा चांभार गेली वीस वर्षं त्यांना असा तळ लावून देत होता. अंगठ्याजवळ पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके होते. ते दीपमालेनेच मागच्या आठवड्यात वाकडच्या चांभाराकडून घालून आणले होते.

दार उघडलं, चित्र सरलं, आजोबा ओरडायला लागले.

“थांबव,” दीपमाला म्हणाली. “अवधूत, मागे घे. उंबरा दाखव.”

त्याने मागे घेतलं. केशरी पायरी. बंद दार. पाच जोड.

“पुन्हा घे.”

पाच. तिसऱ्यांदाही पाच. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, आणि दीपमाला पडद्याजवळ जाऊन बोटाने जोड मोजत होती.

“सहा होते,” ती म्हणाली. “आत्ता... तुम्ही कोणी पाहिलं नाही?”

श्रीनिवासरावांनी उठून टीव्ही बंद केला. साडेदहाचा भाग अर्ध्यात बंद झालेला त्या घराने कधी पाहिला नव्हता. आणि ‘काय होतं’ असं न विचारता त्यांनी अगदी हळू विचारलं,

“कोणाचा होता?”

“म्हणजे काय... कोणाचा म्हणजे?”

त्यांनी कपाट उघडून चूकवही काढली आणि चार वर्षांपूर्वीचं पान तिच्यापुढे धरलं. ‘सहावा जोड. बायकांचे सँडल, हिरवा पट्टा. नोंद : श्रीनिवास.’ खाली सह्यांच्या जागा कोऱ्या, आणि शेपटीवाल्या अक्षरात शेरा : ‘रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही. नोंद अपुरी. हेमा.’

“तिचेच सँडल होते,” श्रीनिवासराव म्हणाले. “तिला सांगितलं तर हसली. म्हणाली, माझे सँडल दारात आहेत, तुमचा चष्मा बदला. सही मागितली तर म्हणे शिस्त म्हणजे शिस्त. आठव्या दिवशी झोपेतच गेली...” ते थांबले. “सँडल तेराव्याला देऊन टाकले मी.”

कादंबरीने पुढची काही पानं उलटली. ‘सहावा जोड. फुटबॉलचे बूट, पिवळी नाडी. नोंद : कादंबरी.’ दोन वर्षांपूर्वीचं पान. सह्या नाहीत.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. “दिगंबर. त्याच बुधवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली... वहीत लिहून ठेवलं, पण कोणाचे ते मी कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? कार्टूनमध्ये बूट दिसले म्हणून?”

अवधूत एकदा श्रीनिवासरावांकडे, एकदा कादंबरीकडे बघत राहिला. “गाइज... हे कोइन्सिडन्स आहे,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

दीपमालेला रडू आलं. तिने ते आवरलं नाही. परवा सकाळी आठ वाजता वडिलांना आत नेणार होते, आणि इथे बसलेल्या दोन शहाण्या माणसांनी आपापल्या माणसाच्या चपला पाहिल्या होत्या आणि दोन्ही माणसं आठ दिवसांत गेली होती. कादंबरीने तिला पाणी दिलं.

मग दीपमालेने डोळे पुसले आणि नऊ वर्षांच्या सवयीने विचारलं, “नक्की काय दिसलं होतं तुम्हाला? सगळं सांगा. जोड ठेवला कसा होता?”

“कसा म्हणजे? दाराकडे तोंड करून. माणूस आत जाताना काढतो तसा,” श्रीनिवासराव म्हणाले. कादंबरीने मान हलवली. तिनेही तसाच पाहिला होता.

“आणि हेमाताई घरी तसेच काढायच्या?”

“सगळेच काढतात.”

“माझे बाबा नाही काढत,” दीपमाला म्हणाली.

रंगरावांची ती जन्मभराची सवय होती. आगारात शिरताना गाडी मागे घेऊन लावायची, तोंड बाहेर, म्हणजे सकाळी निघताना खोळंबा नको. चपलांचंही तेच. कुणाच्याही दारात गेले तरी ते पाठमोरे होऊन चपला काढत, तोंड बाहेर. लग्नात, तेराव्यात, दवाखान्यात, देवळात. लोक हसत. रंगराव म्हणत, ‘गाडी नेहमी निघाच्या तयारीत असली पाह्यजे.’ दीपमालेने तिच्या उभ्या आयुष्यात बापाच्या चपलांचं तोंड घराच्या आत वळलेलं पाहिलं नव्हतं. आणि पडद्यावर ते आत होतं.

“ही चूक आहे,” ती म्हणाली. “ज्याने कोणी काढलंय त्याने चुकीचं काढलंय. वही द्या.”

तिने लिहिलं : ‘सहावा जोड. तपकिरी चपला, डावा तळ उंच. दिशा चुकली आहे. हे गृहस्थ चपला कायम तोंड बाहेर करून ठेवतात. दुरुस्ती व्हावी. नोंद : दीपमाला.’ मुद्रितशोधकाने शब्द वाचले, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. हेमाबाईंचा सातवा नियम त्यांनी स्वतः पहिल्यांदा मोडला. त्यांच्याखाली कादंबरीने केली.

वही अवधूतपुढे आली. तो बिचारा लालबुंद झाला.

“मला नाही दिसलं गं,” तो म्हणाला. “मी तीन वेळा रिवाइंड केलं. जे पाहिलंच नाही त्याच्यावर सही... खोटं होईल ते. काकांना रक्त लागलं तर मी देतो, सुट्टी टाकतो, काय पाहिजे ते सांग. पण ही सही नको मागू.”

त्याच्यावर रागावता येईना, कारण तो बरोबर होता. श्रीनिवासरावांनी अपुरी वही कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

मंगळवारी रंगरावांना आत नेलं. स्ट्रेचरवर पडून ते म्हणाले, “घाबरून काऊन रायली? चपला नीट ठेव माह्या.” तिने त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवल्या. ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी रक्तस्राव सुरू झाला. पुन्हा छाती उघडावी लागली. अवधूतने खरंच येऊन रक्त दिलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. रंगराव शुद्धीवर येईनात. श्वासासाठी मशीन लावलेलं होतं आणि डॉक्टर ‘बघू’ एवढंच म्हणत होते. डॉक्टरचं ‘बघू’ ज्याने ऐकलंय त्याला त्याचं वजन विचारू नये.

रविवार उजाडला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खोलीत टीव्हीवर भजन चालू होतं. साफसफाईच्या दुर्गाबाई रिमोट पदराला बांधूनच ठेवत.

“मावशी, साडेदहाला जरा चॅनेल बदलाल?” दीपमालेने विचारलं. “कार्टून लावायचंय.”

दुर्गाबाईंनी तिला नखशिखान्त पाहिलं. “बाप आत आहे ना तुझा?”

“त्यांच्यासाठीच लावायचंय.”

त्या बाईने काय ओळखलं कोण जाणे. पदराची गाठ सोडून रिमोट तिच्या हातात दिला.

धून लागली. दीपमालेने पिशवी छातीशी धरली. बघू नये असं वाटत होतं आणि डोळे मिटत नव्हते. केशरी पायरी आली. बंद दार. पुणेरी जोडे, बूट, सपाता, निळ्या स्लीपर, लाल बूट... आणि टोकाला तपकिरी चपला. पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके तिला स्पष्ट दिसले. ते टाके आता दाराजवळ नव्हते, तिच्याकडे होते.

तोंड बाहेर होतं.

ती खुर्चीतून उठली तेव्हा पडद्यावर आजोबा कुणावर तरी खेकसत होते आणि आतल्या दारातून नर्स हाक मारत होती, “रंगरावांचं कोण आहे? डोळे उघडलेत त्यांनी.” दीपमाला हसली की रडली ते तिला स्वतःला आठवत नाही. दुर्गाबाईंना तिने मिठी मारली हे मात्र खरं, कारण त्या पुढे चार दिवस ते सगळ्या मजल्याला सांगत होत्या.

नळी काढल्यावर रंगराव पहिल्यांदा बोलले ते दुसऱ्या दिवशी. आवाज घोगरा होता.

“लय चाललो वं,” ते म्हणाले. “पाय दुखून रायला. एका दारापासी जाऊन उभा होतो... आत मानसं हसत होती. पन चपला भाएर तोंड करून होत्या, म्हनलं चाल, निघू.”

“बरं केलंत, बाबा.”

“काई चूक सापडली का तुह्या मंडळाले?”

“सापडली होती,” ती म्हणाली. “दुरुस्त झाली.”

पुढच्या रविवारी वडिलांच्या उशाशी शेजारणीला बसवून ती पेढे घेऊन कर्वेनगरला गेली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा तिला बसची खिडकी, गर्दी, ऊन, सगळं चांगलं वाटत होतं. कादंबरीने तिला कवटाळलं. अवधूतने दोन पेढे एकदम तोंडात टाकले. श्रीनिवासराव म्हणाले, “अर्धा किलो? बापाच्या जिवाला एवढेच?” आणि मग चष्मा पुसायला लागले.

“ती नोंद बंद करून टाकू,” ते म्हणाले. “अपुरी म्हणून का होईना.” त्यांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं, वही टेबलावर ठेवली आणि पान काढलं. आणि तसेच वाकलेले राहिले.

“काय झालं, काका?”

त्यांनी वही फिरवून सगळ्यांपुढे केली. दीपमालेच्या नोंदीखाली तीन सह्या होत्या. श्रीनिवास. कादंबरी. आणि तिसरी निळ्या शाईत, ‘ह’ची शेपटी ओळ संपेपर्यंत ओढलेली. शेजारी दोन शब्द : ‘नोंद पूर्ण.’

“मी नाही हां,” अवधूत पुटपुटला. “शप्पथ...”

श्रीनिवासराव त्या सहीवरून बोट फिरवत होते. शाई वाळलेली होती. “मला नाही दिली,” ते म्हणाले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. चार वर्षांनी त्यांचे खांदे सैल झालेले दिसले. “तिला चुकल्याचं वाटलं असणार. बोलून दाखवणारी नव्हती.” मग जरा वेळाने, “आजची सभा पुरे. मी जरा एकटा बसतो.”

तिघं उठले. साडेदहा वाजायला एखादं मिनिट उरलं होतं. कादंबरीने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

शिरताना जिन्यात घाईघाईने काढलेल्या चपला आता नीट ओळीत लागल्या होत्या. अवधूतचे बूट, कादंबरीच्या चपला, दीपमालेचे सँडल, श्रीनिवासरावांच्या फिरायच्या वहाणा, चारही जोड तोंड बाहेर करून. कोणी आल्या-गेल्याचा आवाज झाला नव्हता.

ओळीच्या टोकाला पाचवा जोड होता. हिरव्या पट्ट्याचा. त्याचं तोंड तेवढं आत होतं.

अवधूतने तोंड उघडलं, पण दीपमालेने त्याचा हात दाबला. त्यांनी आवाज न करता पायात घातलं आणि तिघं जिना उतरले. पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत वर टीव्ही लागला, ओळखीची धून ऐकू आली, आणि श्रीनिवासराव कुणाला तरी म्हणाले, “पोपटाचं काय ते तूच सांग आता.”